पुलावरची एकच नळी

"कागदावर दोन मार्ग आहेत. जमिनीवर किती?" चष्मा कपाळावर ढकलून बाई विचारायच्या, आणि समोरचा नकाशा पुन्हा उलगडायचा.

शहरभर फायबर केबलचं जाळं आखायचं काम आमचं. बाई प्रमुख, मी हाताखालचा. त्या देवळाली कॅम्पहून बसने यायच्या, पायात कापडी बूट. आखलेला प्रत्येक मार्ग स्वतः चालून बघायच्या. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे फाइल ठेवण्याआधी आपण ती तिसऱ्यांदा तपासतो.

पंचवटीकडे जाणारे दोन मार्ग मी मोठ्या ऐटीत आखले होते. एक केबल तुटली तर दुसरी चालू राहील. बाईंनी मला गोदावरीच्या पुलावर नेलं आणि कठड्यावरून वाकून दाखवलं. माझ्या दोन्ही केबल त्याच एका नळीतून नदी ओलांडणार होत्या.

"चूक तुझीच आहे," त्या म्हणाल्या. "पण अजून खणलेलं नाही."

बाईंच्या वरच्या साहेबांना उशीर चालणार नव्हता. "मॅडम, सही करा. वरून रोज फोन येतायत."

"दुसरी केबल दुसऱ्या पुलावरून जाईल. आणि दोन्ही अर्ध्याच भरायच्या. एकीवर सगळा भार आला तरी तिनं पेलला पाहिजे."

"नाहीतर?"

"नाहीतर सही दुसऱ्या कुणाची घ्या."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. साहेबांनी आठवडाभर फाइल अडवून ठेवली, मग कबूल झाले. त्या वर्षीची बढती मात्र बाईंऐवजी दुसऱ्याला मिळाली.

बाई निवृत्त झाल्या, त्यानंतरच्या पावसाळ्यात गोदेला पूर आला. भर सकाळी वाहून आलेलं झाड पहिल्या पुलावर आदळलं, तिथली केबल तुटली आणि माझ्या स्क्रीनवरची एक रेघ लाल झाली. पलीकडे पंचवटीत दवाखाने होते, रुग्णवाहिकेचे फोन होते. सगळा भार दुसऱ्या केबलवर गेला. भाराचा आकडा चढत राहिला. मर्यादेच्या जरा अलीकडे तो थांबला.

मी बाईंना फोन लावून सगळं सांगितलं.

"लोकांना काही कळलं?"

"नाही, बाई."

"मग ठीक," म्हणाल्या, आणि ठेवला.

यंदाच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो, तर शेजारची एक फौजीची बायको दारात बसली होती. पुराचा विषय तिनंच काढला. "मी माहेरी पंचवटीत होते, हे तिकडं सीमेवर. काळजीनं दिवसभर फोन करत होते. एकदा पण कट झाला नाही."

थोड्या वेळाने तिनं विचारलं, "बाई नोकरीत नेमकं काय करायच्या हो?"

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो आणि सांगायला लागलो.