आईने गाडीसाठी पिवळा रंग निवडला

मंडळी, आत्ताच पळस्प्याहून घरी आलोय आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची गाडी तुम्ही पाहिली आहे. लढाईतली जुनी लष्करी रुग्णगाडी माझ्या वडिलांनी, नानांनी, लिलावात घेतली, आत दोन बाकं आणि स्टोव्ह बसवला आणि आम्हाला कोकणभर फिरवलं. नाना गेल्यापासून ती अंगणात गंजत उभी होती. काका म्हणत होते, भंगारात द्या.

आज मी ती पळस्प्याला चांगा मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. आईही सोबत आली.

मिस्त्रीने तळाला पेचकस टोचला तो आरपार गेला. मी घाईने खाली वाकून ते भोक बघितलं.

"घाबरू नको," मिस्त्री म्हणाला. "सडलाय तेवरा पत्रा कापू, नवा जोडू. सांगाडा चांगला हाय. रंग कंचा देऊ?"

"होता तोच, हिरवा," मी म्हणालो.

"नको," आई म्हणाली. "हिरवा ह्यांच्या आवडीचा होता. मला पिवळा हवा."

मग लुगडं सावरत ती चढली आणि थेट नानांच्या जागेवर बसली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून मला म्हणाली, "मला चालवायला शिकव. इतकी वर्षं मागे बसून कोकण पाहिलं, आता पुढून बघायचंय."

"काकी, आधी तळ तरी बसवू द्या!" मिस्त्री हसत म्हणाला.

आईही हसली. किती दिवसांनी!

काकांना काय सांगायचं ते बघू. तुम्ही सांगा, तुमच्या आईला कधी विचारलंत, तिला काय शिकायचंय?