बाबांच्या मुगाच्या पाण्यात काय होतं

आमच्या घराबद्दलची एक गोष्ट नाचणगावात अजून सांगतात. माझे वडील मुदतीच्या तापातून नुसत्या मुगाच्या पाण्यावर उठले, डॉक्टरांनी सांगितलेल्या मटणाला त्यांनी हात लावला नाही, आणि पुढे बारा-तेरा वर्षं ठणठणीत जगले. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी असल्याचं इतकी वर्षं दोनच माणसांना ठाऊक होतं, मला आणि माझ्या बायकोला. बायको गेली. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही शेतकरी. घरात मटण वर्ज्य नव्हतं. आखाडीला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणा आला की चुलीवर रस्सा शिजायचा. बाबांनी पन्नाशीत ते सोडलं. कुणा महाराजांनी सांगितलं नव्हतं, कसलं व्रत नव्हतं. एका आखाडीला त्यांनी घास उचलला, परत ताटात ठेवला आणि म्हणाले, "आंग नाई म्हणते."

त्यांची ती सवयच होती. ताट पुढे आलं की दोन्ही हात मांडीवर ठेवून क्षणभर गप्प बसायचे. आंगाले पुसाचं, मंग खायाचं, असं ते म्हणत. ओट्यावर बसणारे त्यांची फिरकी घेत.

"काकाजी, तुमचं आंग शिकलेलं हाये," शेजारचा एकजण म्हणायचा. "आमचं अडाणी. त्याले एकच शब्द येते, रस्सा."

"तुह्यं आंग कुठं बोलते? तुह्यी जीभ बोलते," बाबा म्हणत. "तिनं तोंड बंद केलं तं आंगाची पाळी येईन."

पंच्याहत्तरच्या आसपासचा हिवाळा असेल. मी तेव्हा पुलगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होतो, रोज सायकलने जायचो. बाबांना ताप आला तो एकवीस दिवस राहिला. ताप उतरला, पण बाबा उठेनात. पाठीचे मणके मोजता येत होते. डॉक्टर म्हणाले, पायाचं सूप द्या, कलेजी द्या, अंडी द्या, यांच्यात काही उरलेलं नाही. बाबांनी पडल्या पडल्या हात छातीवर ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "नाई म्हणते."

पुढचा निर्णय माझा होता. बायकोचा नव्हता, हे मला लिहून ठेवायचं आहे. पुलगावात मी बकऱ्याचे पाय घ्यायचो. जिनिंगच्या आवारात एक कामगार एकटा राहायचा, त्याच्या खोलीत स्टोव्हवर ते सकाळपासून उकळत ठेवायचो; कशासाठी, ते त्याला सांगितलं नव्हतं. दुपारी उतरवून ठेवलं की थंडीमुळे संध्याकाळपर्यंत वर चरबीची साय धरायची, ती काढून टाकायची. मग जुन्या धोतराच्या फडक्यातून पाणी दोनदा गाळायचं आणि डब्यात भरून घरी आणायचं. घरी बायको ते मुगाच्या पाण्यात मिसळून वरून लसूण, जिरं आणि हिंगाची फोडणी द्यायची.

पहिल्या दिवशी तिने डबा हातात घेतला नाही.

"मामाजीले इचारा तं खरं," ती म्हणाली.

"इचारलं. नाई म्हणते."

"मंग?"

"मंग काय? मरू देऊ?"

तिने डबा घेतला. फोडणी देताना पाठमोरी राहूनच म्हणाली, "तुमच्या हातानं पाजा. मी नाई पाजत."

मीच पाजलं. चौथ्या की पाचव्या दिवशी बाबांनी वाटी खाली ठेवली आणि हाक मारली, "सूनबाई, आज पाणी झ्याक झालं. आंगात ऊन उतरल्यावानी वाटून राह्यलं." बायको परसात निघून गेली. पुढे पाच आठवडे रोज संध्याकाळी बाबांच्या अंगात ते ऊन उतरत राहिलं. शिमग्याच्या आधी ते आपल्या पायांनी शेतात गेले.

बरे झाले की हसत हसत सांगून टाकू, असं मी ठरवलं होतं. पण माझ्याआधी बाबांनीच सांगायला सुरुवात केली. ओट्यावर दहा माणसांत माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पोरगा मटण मटण करून राह्यला होता. मी आंगाचं आयकलं. आंग म्हणे, हेच पाणी दे, अजून दे." त्यांचं अंग खरंच बोललं होतं. वाटीत काय आहे हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी मान खाली घालून हसलो, लोकांना तो विनय वाटला.

त्यानंतर आजारी माणसं बाबांकडे विचारायला येऊ लागली. कुणी तंबाखू सोडली, कुणी रात्रीचं जेवण. त्यात कुणाचं नुकसान झालेलं मला माहीत नाही. मी गप्प राहिलो आणि गप्प राहणं अंगवळणी पडलं.

मला एक धाकटी बहीण होती. घरात सगळे तिला बाई म्हणायचे. ती बाबांची लाडकी. लहानपणी त्यांच्या शेजारी ताटावर बसायची आणि त्यांच्यासारखेच मांडीवर हात ठेवायची. तिला बोरगाव मेघेला दिली होती. बाबांच्या दुखण्यानंतर सहा-सात वर्षांनी तिच्या तिसऱ्या बाळंतपणात फार रक्त गेलं. मूलही राहिलं नाही. वर्ध्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कलेजी, अंडी खायला सांगितली. गोळ्या पोटात ठरत नव्हत्या, उलटून पडायच्या. कलेजी मात्र ती आवडीने खाऊ लागली. तब्येत जरा बरी वाटली म्हणून महिनाभर माहेरी आली.

"वहिनी, कलेजीचा वास आला का जीव धावते माहा," असं ती स्वयंपाकघरात माझ्या बायकोला सांगत होती. बाबांनी बाहेरून ऐकलं.

"पोरी, जीभ धावते ते. आंग नाई."

"नाई बाबा, आंगच मागून राह्यलं. मले समजते न."

"मले बी डॉक्टरनं हेच सांगतलं होतं. मी मेलो का?"

ती हसली. "नाई मेले."

"मंग? पंधरा दिवस पाह्य तं करून."

दुसऱ्या दिवशी तिने कलेजीची वाटी बाजूला सारली. बाबांनी सुनेला मुगाचं पाणी करायला सांगितलं. या वेळी ते नुसतं मुगाचंच होतं.

त्या दुपारी बायकोने मला परसात गाठलं.

"आता सांगा. मामाजीले नका सांगू. बाईले सांगा."

"ती बाबाले सांगन."

"सांगू द्या."

"आपल्या पोटात काय गेलं हे समजलं तं ते अन्न सोडतीन."

"आन् बाईनं सोडलं त्याचं काय?"

मी म्हणालो, मागच्यासारखंच करू, पायाचं पाणी आणतो. तिने मान हलवली. "मी नाई करत. एका माणसाले फसवलं तं सात वर्षं झाली, त्याच्या डोळ्याले डोळा नाई देऊ शकली. बाई समजदार हाये. खरं सांगा तिले."

उद्या सांगतो, म्हणालो. तो उद्या पाच-सहा दिवस चालला. मग जावई आले आणि बाईला घेऊन गेले.

महिन्याभराने एका रविवारी मी बोरगावला गेलो. जावई भेटले तेव्हा म्हणाले होते, ती फार थकली आहे आणि पथ्य मात्र सोडत नाही. बायकोने सकाळी कलेजी करून डब्यात भरली, डब्याला फडकं बांधलं आणि म्हणाली, "आधी खरं सांगा, मंग हे वाढा." बसमध्ये डबा मांडीवर होता. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलंही होतं.

बाई खाटेवर पडून होती. नखं पांढरीफटक पडली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी पाणी प्यालो, टेकलो, आणि मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली.

"दादा, एक खरं सांग. तू तं तिथंच होता. बाबा खरंच मुगाच्या पाण्यावर उठले?"

"काऊन पुसते?"

"माह्यं आंग रोज दुसरंच सांगते. आयकण्यात माहीच चुकी होऊन राह्यली का काय, समजत नाई."

मी म्हणालो, "हो."

"निस्त्या मुगाच्या?"

"निस्त्या."

तिने डोळे मिटले. "मंग माह्यंच चुकते," म्हणाली.

मी हो का म्हणालो, हे शोधायला मला चाळीस वर्षं मिळाली आणि मला ते सापडलेलं नाही. बाबांना जपायचं होतं असं पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगितलं. पण बाबा तिथे नव्हते. ती आणि मीच होतो. तिच्यासमोर खोटारडा ठरायची लाज वाटली असेल, एवढंच असेल कदाचित. बसस्टॉपवर डबा उघडून मी कुत्र्यासमोर पालथा केला. घरी बायकोने विचारलं, "खाल्लं का बाईनं?" मी म्हणालो, खाल्लं.

पाच आठवड्यांनी बाई गेली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी, त्यात हृदय दमलं. कलेजी खाल्ली असती तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही, ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच की तिचं अंग तिला नीट सांगत होतं, तिला नीट ऐकूही येत होतं, आणि आपल्याला ऐकू येत नाही असं समजून ती गेली.

तेराव्याला लोक जेवायला बसले होते. बाबा भिंतीला टेकून बसले होते. "तिनं आंगाचं नीट आयकलं नाई," एवढं म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. त्यांच्यासमोर ओळखीतली एक काकू बसली होती, तिचा मुलगा महिनाभर अंथरुणाला होता. तिने विचारलं तेव्हा डोळे पुसून बाबांनी तिला सगळं सांगितलं, मुदतीचा ताप, डॉक्टर, मुगाचं पाणी. मी पंगतीत पाणी वाढत होतो. त्या काकूलाही वाढलं आणि पुढे गेलो. बाबा त्यानंतर सहा वर्षं होते.

बाईची मोठी मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. आता ती सावंगीला राहते, तिला नातवंडं आहेत. बायको गेल्यावर वर्षभराने मी तिच्याकडे गेलो आणि बाबांच्या वाटीत काय होतं ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, ते पाणी मीच पाजत होती आईले. ती नाई म्हणे. मी म्हणे, आजोबा उठले तशी तू बी उठशीन. नाक दाबून पाजलं मी तिले."

चाळीस वर्षं तिच्याजवळ ते एक चांगलं काम म्हणून होतं. मी ते तिच्याजवळ राहू दिलं नाही.

ती मला ऑटोपर्यंत सोडायला आली. आता फोन केला तर तब्येत विचारते आणि ठेवते. त्या दिवशी मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली होती. म्हणालो होतो, तुझ्या आईला खरं सांगायचं माझ्या मनात होतं, पण मला वेळच मिळाला नाही. ते खरं नाही. वेळ मिळाला होता. बोरगावच्या घरात आम्ही दोघंच होतो आणि बाईने मला सरळ विचारलं होतं.