सहाचे टोले

रामराव घाडगे गेल्याची बातमी मला यजमानांनी सांगितली. ते खंडेराव मार्केटातून भाजी घेऊन आले आणि पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाले, "अगं, तुझ्या माहेरच्या गल्लीतला तो डुलकीमास्तर गेला म्हणे." माझ्या हातातली पळी तशीच राहिली... माणूस गेला तरी ते नाव काही त्याला सोडत नाही, या विचारानं मला रडूच कोसळलं. डुलकीमास्तरासाठी एवढं रडण्याचं कारण काय, ते यजमानांना कळेना. त्यांना त्याच दिवशी सांगितलं. आज वाचकांना सांगते आहे.

पुष्कळांना आठवत असेल, दहा-एक वर्षांपूर्वी बडोद्याला रावपुऱ्यात ग्रामोफोनच्या एका दुकानावर दोन खोल्यांत रेडिओ केंद्र निघालं होतं. रेडिओ विकायचे तर लोकांना ऐकायला काहीतरी हवं, म्हणून दुकानाच्या शेठजींनीच ते काढलं. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, खिडक्या बंद, आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखाही बंद. गाणारा आधी घामानं भिजायचा आणि मग गायचा. सगळा कारभार जाहिरातींवर चाले आणि त्यांतली मोठी जाहिरात एका घड्याळवाल्याची होती. संध्याकाळी बरोबर सहाला केंद्रावर पितळी तासाचे सहा टोले पडत. लगेच सांगितलं जाई, की आपलं घड्याळ या टोल्यांशी जुळवा, आणि जुळत नसेल तर आमच्या दुकानात या! खाली दाराशी कर्णा लावला होता. त्याच्यासमोर माणसं आपापली घड्याळं हातात धरून उभी राहत.

ते टोले द्यायचे रामरावकाका. त्यांचे वडील आणि आजोबा सरकारच्या पागेत तास वाजवायचे, त्यामुळे वेळ पाळणं हे त्या घरात देवपूजेसारखं होतं. "माझ्या बापानं उभ्या जन्मात टोला चुकवला नाही," हे वाक्य काकांच्या तोंडून रोज एकदा तरी ऐकू येई. आम्ही गल्लीतली मुलं मागून त्यांची नक्कल करायचो.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. लग्न ठरलं होतं आणि त्याआधी एकदा तरी रेडिओवर गावं, असं मला वेड्यासारखं वाटत होतं. वडिलांपाशी काकांनीच शब्द टाकला. वडील चार दिवसांनी म्हणाले, "एकदाच. नाव सांगायचं नाही. आणि लग्नानंतर हा विषय बंद."

माझ्या आधी एका डॉक्टरांचं दातांच्या निगेवर भाषण होतं. डॉक्टर एकेका दाताची विचारपूस करत बसले. माझी पाळी आली तेव्हा सहाला सहा मिनिटं उरली होती, आणि आजीनं शिकवलेलं माझं पद होतं दहा मिनिटांचं. समोर भिंतीवर घड्याळ, त्याखाली हातात लाकडी मोगरी घेतलेले काका. सहा वाजले. काकांनी मोगरी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि ती तशीच वर धरून ठेवली... मी थांबू शकले असते. हे मला लिहायलाच हवं. काटा सरकताना मला दिसत होता, तरी मी शेवटचा अंतरा घेतला. पुन्हा कधी गायला मिळणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि काकांनाही. मी थांबल्यावर त्यांनी टोले दिले. तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती.

त्या संध्याकाळी बडोद्यातली बरीच घड्याळं चार मिनिटं मागं पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गृहस्थांची मुंबईची गाडी चुकली. ते तडक घड्याळवाल्याकडे गेले आणि घड्याळवाल्यानं जाहिरात काढून घेतली. शेठजींनी भर दुकानात विचारलं, "रामराव, तमे ऊंघी गया हता?" काका म्हणाले, "होय शेठ. डुलकी लागली." खरं सांगितलं असतं तर गाणारी कोण हे निघालं असतं, आणि लग्न ठरलेल्या मुलीचं नाव बाजारभर झालं असतं. काकांची नोकरी गेली. गल्लीतली पोरं त्यांना पाहून घोरण्याचे आवाज काढू लागली.

आणि गाडी चुकलेले ते गृहस्थ कोण? माझे होणारे सासरे! मामंजी जेवताना डुलकीमास्तराचा उद्धार करायचे आणि मी त्यांच्या पानात मुकाट आमटी वाढायची. ते होते तोवर, म्हणजे आठ वर्षं, हे असंच चाललं. मी भित्री होते, दुसरं काही नाही. काका रस्त्यात भेटले की "बरं आहे ना, पोरी? आवजो," एवढंच म्हणून निरोप घ्यायचे. एकदा मी धीर करून "काका, त्या दिवशी..." म्हटलं, तर म्हणाले, "गाणं चांगलं झालं होतं," आणि चालू लागले.

तर आज सांगते. रामराव घाडग्यांना डुलकी लागली नव्हती. त्या संध्याकाळी नाव न सांगता गायलेली हौशी गायिका मी होते.

त्यांचे दिवस झाल्यावर एका संध्याकाळी काकूंना भेटायला गेले. काकू हिंचक्यावर झोके घेत बसल्या होत्या. भिंतीवर काकांचं जुनं घड्याळ चालू होतं, पण साडेपाच झाले तरी त्याचा ठोका पडला नाही. सहा वाजत आले तेव्हा मी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "टोले उशिरा पडले त्या दिवशी हे घरी आले आणि आधी ह्याची ठोके देणारी हातोडी काढून टाकली. घड्याळाला म्हणाले, वेळ दाखव, कुणाच्या मध्ये बोलू नकोस. गाणं मोडवलं नाही, एवढंच मला म्हणाले; कोण गात होतं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

"मी गात होते, काकू."

आता काकू रागावतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे कुठला रेडिओ? मी काही ते ऐकलं नाही बाई. एवढं काय होतं त्यात, मला ऐकू तरी दे."

दहा वर्षांत गळा पार गेला आहे. तरी गायले, सगळं पद, दोन्ही अंतरे. काकूंनी पाय टेकवून हिंचका थांबवला होता. मध्येच कधीतरी सहा वाजले असावेत. घड्याळ काही बोललं नाही.