डाव्या स्पीकरची वायर

वायरकाकांचं खरं नाव पोस्टमन सोडला तर कुणालाच माहीत नव्हतं. जन्मभर त्यांनी सभागृहांत लाऊडस्पीकर जोडले, आणि वायरीचा विषय निघाला की समोरच्याचा चहा थंड झाल्याशिवाय त्याला सोडलं नाही. वायर लांब न्यायची तर ती जाड हवी, बारीक वायरीत आवाज वाटेतच दमतो. एकाच भरीव तारेची वायर सारखी वाकवली की आतल्या आत तुटते, त्यापेक्षा केसासारख्या तारांचा पीळ बरा. ऐकणारे माना डोलवत आणि मनातल्या मनात घरची वाट धरत. पण काकांचे कान मात्र तिखट. भरल्या सभागृहाच्या मागच्या दारात उभं राहून कुठला स्पीकर रुसलाय ते नुसतं ऐकून सांगत. त्या कानांच्या जिवावर त्यांनी संसार केला होता.

आता घरचाच डावा स्पीकर ‘बसला’ आणि काकूंच्या बैठकीच्या खोलीत वायरींचं राज्य आलं. बासरीची धार गेलीय, झांज ओल्या फडक्यासारखी वाजतेय, अशी काकांची तक्रार. आधी जाड वायर आली. मग भरीव तारेची. मग एकमेकींत वेणीसारख्या गुंफलेल्या दोन वायरी, ज्यांच्यात पाय अडकून काकू तोंडघशी पडता पडता वाचल्या. दर वेळी काका म्हणत, “आता बघ कसा मोकळा गातो!” आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं तोंड उतरलेलं असे.

काकूंना डावा स्पीकर ठणठणीत ऐकू येत होता. त्यांना संशय होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. हल्ली डावीकडून हाक मारली की काका गप्प, आणि उजवीकडून नुसतं पुटपुटलं तरी, “माझ्याबद्दल काय म्हणालीस?” दुसऱ्या कुणाला ‘एकदा कान दाखवून या’ म्हणणं सोपं होतं. या माणसाला ते कसं सांगायचं?

एकदा त्यांनी खडा टाकून पाहिला. “अहो, दोष सापडेना की अदलाबदल करून बघा, असं तुम्हीच जगाला शिकवलंत ना? मग डावीकडची वायर लावा की उजवीकडे.”

“त्याची काही गरज नाही,” काका एकदम म्हणाले. “मला कळतं.”

एरवी वायर सोडवायला निमित्त शोधणारा माणूस, आणि म्हणे गरज नाही! काकू काय ते समजल्या. काकांनाही शंका आली होती, आणि ते भ्यायले होते.

मग काकूंनी वायरींना हात न लावता काकांचीच अदलाबदल केली. फरशी पुसण्याचं निमित्त करून त्यांची वेताची खुर्ची उलटी ठेवली, स्पीकरांकडे पाठ करून. आणखी एक नवी वायर जोडून काका गुणगुणत आले आणि खुर्ची सरळ करायला लागले.

“ओलं आहे तिथे. हलवू नका, असेच बसा,” काकूंनी दटावलं.

काका बसले. बासरी सुरू झाली.

“अगं ऐक! काय धार आलीय! डावा सुटला एकदाचा! तुला म्हटलं होतं, सगळा खेळ पिळाचा...” काका थांबले. त्यांची मान तिरकी झाली. “पण आता उजवा का बसला?”

काकांनी वळून एका स्पीकरकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग आपण कुठे तोंड करून बसलोय ते पाहिलं. त्यांचा हात हळूच डाव्या कानाकडे गेला.

“वायर चांगली होती,” ते म्हणाले.

“सगळ्याच चांगल्या होत्या.” काकूंना हसू येत होतं आणि रडूही. “उद्या जाऊ या डॉक्टरांकडे. मी येते बरोबर.”

“हं.” काकांनी बासरी बंद केली. “या बाजूने तू काय काय बोलली असशील गं इतक्या दिवसांत?”

“निम्म्या तर वायरींना शिव्या होत्या.”

“आणि बाकीचं?”

“मला वाटायचं, तुम्ही ऐकून सोडून देताय.” काकूंनी स्टूल ओढलं, काकांच्या उजव्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, “सांगते सगळं. पण मध्ये वायरीचा विषय काढायचा नाही.”