मास्तरांच्या नावावर राहिलेली चूक

कोणी फळ हातावर ठेवलं की मास्तर ते लगेच तोंडाकडे न्यायचे नाहीत. उलटसुलट करून बघायचे, नाकाशी धरायचे आणि देणाऱ्याला विचारायचे, "ह्याचं खोड कसं असतं, सांग बरं." घरचा माणूस असला तर हसायचा, परका गोंधळायचा. एकदा एका लग्नात फळांचं ताट पुढे आलं तेव्हा त्यांनी वाढप्यालाही सोडलं नाही. तो बिचारा म्हणाला, "मास्तर, खोड मंडईत राहिलं. आंबा घ्या."

लोणावळ्यात आमचे जुने लोक फार थोडे उरलेत. मास्तरांचा विषय निघाला की ते अजून म्हणतात, "पोरांना विषारी बिया चारल्या होत्या, तेच ना?" मी खाली बघतो. मास्तरांनी काही चारलं नव्हतं, आणि हे माहीत असलेला गावात मी एकटाच आहे. माझं वय ऐंशीच्या पुढे गेलं. आता सांगायला हवं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथलेच ज्यू. घरात मराठी बोलणारे, शनिवार पाळणारे. त्या काळी आमची बरीच माणसं लोणावळ्याला रेल्वेत होती. पोरांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती रुळांवर हिंडायची, म्हणून मास्तरांनी शिबिर काढलं. एका रिटायर गार्डच्या बंगल्याचा व्हरांडा मिळाला. सकाळी आठला यायचं, संध्याकाळी पाचला घरी. सकाळी टेकडी, दुपारी व्हरांड्यात हिब्रू अक्षरं आणि प्रार्थना. सतरा मुलं होती. मी तेव्हा बावीस वर्षांचा, मॅट्रिक होऊन नोकरी शोधत असलेला. मदतनीस म्हणून त्यांनी मला घेतलं. मुलं मला दादा म्हणायची.

मास्तरांची युक्ती अशी होती की सकाळ आणि दुपार वेगळी ठेवायचीच नाही. आमच्यात काहीही खाण्याआधी देवाचे आभार मानायचं एक हिब्रू वाक्य म्हणतात, त्याला बराखा म्हणतात. झाडाच्या फळाची बराखा वेगळी, जमिनीतून उगवणाऱ्याची वेगळी. आंब्याला झाडाची. केळ्याला मात्र जमिनीची, कारण केळीचं खोड घड दिला की मरतं. मग करवंदाला कुठली? ते झाड की झुडूप? मास्तर उत्तर द्यायचे नाहीत. "जाऊन बघा." एक अख्खी सकाळ सतरा पोरं पोटावर झोपून करवंदीच्या जाळीत डोकी घालून होती. गेल्या वर्षीचं लाकूड जिवंत सापडलं तेव्हा झाड ठरलं. बराखा म्हणेपर्यंत अर्धी करवंदं संपली होती.

वाट दाखवायला ठाकरवाडीतले लक्षुआबा असायचे. ते हे सगळं बघून डोक्यावरचं फडकं काढून हसायचे. "मास्तर, लय इचार करता तुमी. आमी आदी खातो, मंग झाड कंचं ते बगतो."

"आणि बिघडलं तर, आबा?"

"बिगडलं तर पुन्यांदा खात न्हाई."

मास्तर इतके हसले की चष्मा पुसावा लागला. मग सहा वर्षांच्या मोशेने विचारलं, "मास्तर, मला मुंगी चावली. तिने बराखा म्हटली असेल का?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "तिने आधी तुझं खोड बघितलं असेल."

एक गोष्ट मात्र ते कडक सांगायचे. बराखा उगाच म्हणायची नाही. देवाचं नाव घेतलं आणि खाल्लं नाही, तर ते नाव वाया गेलं. आठ वर्षांची रिबका, एका गार्डची मुलगी, हे फार मनावर घेई. एकदा तिने बराखा म्हणून कच्ची कैरी तोंडात घातली आणि डोळ्यांतून पाणी येत असतानाही पुरी खाल्ली.

शेवटच्या पंधरवड्यातली गोष्ट. आम्ही वळवणच्या धरणाच्या बाजूला गेलो होतो. मास्तर मोठ्या मुलांना घेऊन लक्षुआबांबरोबर वर चढले. धाकटी सहा जणं माझ्याकडे, खाली एका शेताच्या कुंपणाशी. माझ्या खिशात सकाळीच आलेली चिठ्ठी होती. आमच्या जमातीच्या मुकादमांनी, म्हणजे प्रमुखांनी, लिहिलं होतं की रेल्वेच्या पार्सल ऑफिसात माझ्या नावाचं बोलणं झालंय, रविवारी येऊन भेट. मी ती चौथ्यांदा वाचत होतो.

रिबका जवळ येऊन उभी राहिली. मुठीत काहीतरी होतं. "दादा, ह्याला कुठली बराखा? झाडाची की जमिनीची?"

"खोड आहे का?"

"आहे. जाडं आहे."

"मग झाडाची."

एवढंच बोलणं झालं. मी चिठ्ठीवरून डोळे काढले नाहीत. कुठली बराखा ते सांगितलं म्हणजे खायची वस्तू आहे असं सांगितलं, हे शिबिरातलं कुठलंही पोर समजलं असतं. मला ते त्या वेळी सुचलं नाही.

ती मोगली एरंडाच्या वाळल्या बोंडांतली बी होती. आधी शेंगदाण्यासारखी गोड लागते, घसा नंतर जळतो. मोशे आणि अजून एकाने दोन-दोन खाल्ल्या. रिबकाने मूठभर बियांवर बराखा म्हटली होती. तिने मूठ संपवली.

मास्तर खाली आले तेव्हा पोरं ओकत होती. लक्षुआबांनी जमिनीवरचं टरफल उचललं आणि ओरडले, "अरं, ह्यो मोगली एरंड! गुरंबी तोंड लावत न्हाईत ह्याला! कुनी दिलं पोरीला?" उत्तराची वाट न बघता त्यांनी रिबकाला पाठीवर टाकलं आणि गावातल्या डॉक्टरांकडे पळत सुटले. मास्तर दोन्ही मुलगे कडेवर घेऊन त्यांच्या मागे. मी उरलेल्यांना रांगेत घेऊन आलो.

मुलगे संध्याकाळी सावरले. रिबका चार दिवस अंथरुणात होती. पहिले दोन दिवस तिला शुद्ध नीट नव्हती.

रविवारी मुकादमांच्या घरी सगळे जमले. त्याच घरी, त्याच दिवशी, मला नोकरीसाठी बोलावलं होतं. रिबकाचे वडील उभेच होते, बसायला तयार नव्हते. मोशेला विचारलं तर तो म्हणाला, "रिबकाताईने विचारलं होतं, मग खाल्लं." कोणाला विचारलं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

मुकादम म्हणाले, "मास्तर, बराखा म्हणून विष खायला ह्यांना कोणी सांगितलं?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ते वर टेकडीवर होते, खाली मी होतो, आणि मुलं तिथे कोणाला विचारणार? मी फरशी बघत होतो. पांढरी फरशी, कडेला काळी पट्टी. दार माझ्या मागे होतं, पण मला जागचं हलता येईना.

"शिबिर माझं," मास्तर म्हणाले. "बराखा मी शिकवली. जबाबदार मी."

"मग शिबिर आजपासून बंद."

"नऊ दिवस राहिलेत. निदान व्हरांड्यात बसून तरी..."

"बंद, मास्तर."

मास्तर गेल्यावर मुकादमांनी मला थांबवलं आणि सांगितलं की एक तारखेपासून हजर हो.

त्यानंतर मास्तरांकडे कोणी पोरगं पाठवेना. शिकवण्या सुटल्या. वर्षाच्या आत तेही पार्सल ऑफिसात आले, वजनकाट्यावर. त्यांची खुर्ची माझ्या टेबलासमोर. खोलीला एकच खिडकी, तिला जाळी, आणि जाळीपलीकडे मालधक्क्याची भिंत. डोंगर चारी बाजूंना होते, पण त्या खोलीतून एकही दिसत नसे. अकरा वर्षं आम्ही तिथे समोरासमोर बसलो. मी मान वर केली की मास्तर दिसायचे, म्हणून मी वर बघणंच कमी केलं. मानेला तीच सवय लागली. अजून आहे.

त्यांनी कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. आंब्याच्या करंडीला चिकटून आलेलं पान ते सोडवून घ्यायचे आणि टेबलावर सपाट करून ठेवायचे. हमाल विचारायचा, "मास्तर, पाल्याचं बी वजन करायचं का?" ते म्हणायचे, "ह्याचं भाडं मी भरीन." रिबका मोठी होत होती. वडिलांचा डबा घेऊन स्टेशनवर यायची, मास्तरांशी जाळीतून बोलायची. त्या दिवसाबद्दल तिला कोणी कधी विचारलं नाही, आणि मला तिने पुन्हा दादा म्हटलं नाही.

आमच्यात किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाआधी प्रत्येकाने प्रत्येकाची माफी मागायची असते. देवाविरुद्ध केलेलं देव माफ करतो, माणसाविरुद्ध केलेलं त्या माणसानेच माफ करावं लागतं. दर वर्षी मास्तर उठून माझ्या टेबलाशी यायचे. "कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ कर." मी म्हणायचो, "मलाही." ठरलेले शब्द. त्या शब्दांत माझं सगळं मावायचं आणि कोणाला दिसायचं नाही. बाहेर आल्यावर वाटायचं, सुटलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर तीच खुर्ची.

एका वर्षी मात्र माझ्या तोंडून निघालं, "मास्तर, मला एक सांगायचंय."

ते थांबले. "सांग."

तेवढ्यात हमालाने हाक मारली, "भाऊ, बारदान आलंय, पावती करा." मी पावतीपुस्तक ओढलं आणि म्हणालो, "नंतर बोलू."

त्या दिवशी ऑफिस सुटलं तरी मास्तर टोपी घालेनात. काटा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. मी पावत्या लावत राहिलो, लावलेल्या विस्कटून पुन्हा लावत राहिलो. शेवटी तेच उठले. "चल," म्हणाले, "उपास लागायची वेळ झाली."

पुढच्या किप्पूरला ते नव्हते. छातीत कफ झाला आणि आठवड्यात गेले. पुण्याच्या आमच्या दफनभूमीत त्यांना ठेवलं. मी खांदा दिला. लोक म्हणाले, माणूस चांगला होता, त्या बियांचं सोडलं तर. मी तेव्हाही बोललो नाही.

ज्याचं वाईट केलं तो मेला असेल तर त्याच्यासाठीही आमच्यात नियम आहे. दहा पुरुष त्याच्या कबरीशी न्यायचे आणि त्यांच्यासमोर आपण काय केलं ते स्पष्ट बोलायचं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी मला दहा काय, शंभर मिळाले असते. तेव्हा माझं घर होतं, मुलं होती, पेन्शन व्हायची होती. आता सगळे इस्राएलला गेले. रिबकाही गेली.

गेल्या महिन्यात मी पुण्याला गेलो. घरोघरी फिरून सात जमवले. त्यातल्या एकाला ऐकू येत नाही. कबरीशी उभा राहून मी सगळं बोललो. परतताना, प्रार्थना सांगायला आलेला तरुण हळूच म्हणाला, "काका, तीन कमी पडले. मोजलं जाणार नाही."

म्हणून हे लिहिलं. वाचणारे तुम्ही आमच्यातले नसाल, पुरुषही नसाल. तरी तुमच्यातले कोणी तीन मी धरतो आणि पुन्हा एकदा बोलतो. रिबकाने मला विचारलं होतं. मी न बघता उत्तर दिलं. मास्तर तिथे नव्हते.