एक वर्षच तर आहे

मी खोटं बोललो ते पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनानंतर, सोसायटीच्या आवारात, माईकवरून. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणालातरी माझी दया यायची. दया नको.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेची, जुनी, चार मजल्यांची. दर वर्षी दहावी-बारावी झालेल्या पोरांचा गुणगौरव होतो. एक ट्रॉफी, एक पेन, एक गुलाब आणि नंतर सगळ्यांना वडापाव. प्रमुख पाहुणा म्हणून गेली दहा-बारा वर्षं मीच. दुसरा कोण मिळणार? अख्ख्या बिल्डिंगमधून पवईच्या इन्स्टिट्यूटला गेलेला मी एकटा. तिथून बाहेर पडून मला बावीस वर्षं झाली, तरी सेक्रेटरी ओळख करून देतात ती ‘आपले पवईचे इंजिनिअर’ अशीच. मधल्या बावीस वर्षांत मी काय दिवे लावले याच्याशी कुणाला घेणंदेणं नाही. खरं सांगू? मलाही ते बरं वाटायचं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये माझी नोकरी गेली होती. पंधरा मिनिटांची मीटिंग, स्क्रीनवर दोन माणसं, त्यातल्या एकीचा कॅमेरा बंद. टीम बंद होतेय, तुमच्या कामाबद्दल काही तक्रार नाही, वगैरे वगैरे. मी त्रेचाळीस वर्षांचा. मनात म्हटलं, हट्, महिनाभरात दुसरी मिळेल, आपल्याकडे कागद आहे ना. त्या कागदाने काय कमी दिलं होतं? पहिली नोकरी शेवटची परीक्षा व्हायच्या आधीच हातात. दुसरी पहिलीच्या जोरावर. सासऱ्यांनी तर पत्रिकासुद्धा बघितली नाही, कॉलेजचं नाव ऐकलं आणि सासूबाईंना म्हणाले, चहा टाक. त्यामुळे डिग्रीने काही होत नाही असं कुणी म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं. होतं. बरंच होतं. फक्त किती वर्षं होतं ते कुणी सांगत नाही.

जुलैपर्यंत नऊ मुलाखती झाल्या. अंधेरीला एका ठिकाणी मुलाखत घ्यायला बसलेला पोरगा माझ्याच कॉलेजचा, माझ्याच हॉस्टेलचा, पंधरा वर्षांनी ज्युनिअर. ‘सर, तुमच्यासारख्या सीनियरला मी काय विचारणार,’ म्हणाला, आणि मग चाळीस मिनिटं असं काही विचारलं की मला एसीत घाम फुटला. चार दिवसांनी मेल आला, या जागेसाठी तुमचा अनुभव जास्त आहे. जास्त म्हणे. अरे, सरळ म्हण ना म्हातारा झालास.

घरी फक्त बायकोला माहीत होतं. ती शाळेत शिकवते, तिच्यापासून काही लपत नाही. बाकी बिल्डिंगसाठी मी रोज सकाळी नऊला लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून बाहेर पडत होतो. बस पकडून घाटकोपरला जायचो. तिथे एका मंडळाची अभ्यासिका आहे, लांब टेबलं, आवाज करणारे पंखे, स्पर्धा परीक्षांची पोरं. मुलुंडचं कुणी तिकडे फिरकणार नाही असा माझा अंदाज. दुपारी जिन्यात बसून डबा खायचो. बायको म्हणायची, ‘किती दिवस लपवणार आहेस? चोरी केलीयस का?’ मी म्हणायचो, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणायची, मुठीत काय आहे ते मला माहीत आहे ना.

आता तो पंधरा ऑगस्ट. आमच्या पहिल्या मजल्यावर दादा राहतो. दादा म्हणजे सख्खा नव्हे, बिल्डिंगमधला, माझ्याहून आठेक वर्षांनी मोठा; मला सायकल त्यानेच शिकवली. डिप्लोमा करून भांडुपच्या एका कारखान्यात लागला तो अजून तिथेच आहे. त्याच्या डोक्यावर एकामागून एक डिग्रीवाले साहेब आले, प्रत्येक त्याच्याहून लहान. ‘काम मी शिकवतो आणि सही तो करतो,’ हे त्याचं नेहमीचं. त्याची एकुलती एक मुलगी त्या वर्षी बारावी झाली. पवईची परीक्षा थोडक्यात हुकली, पण सीईटीत चांगले मार्क पडले आणि अंधेरीच्या एका बऱ्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं. सीट पक्की करायला तीन दिवस उरले होते. पोरगी खूश होती. ट्रॉफी घेताना मला हळूच म्हणाली, ‘काका, कॉलेजच्या ग्रुपवर पण आले मी.’

माझं भाषण झालं. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं सेक्रेटरी म्हणाले. दादा उठला. शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, सीट मिळाल्याचा. ‘तू तिथला आहेस म्हणून विचारतो,’ तो म्हणाला. ‘ही सीट घेऊ, की एक वर्ष ड्रॉप घेऊन पोरीला पवईसाठी परत बसवू? तू म्हणशील तसं करू. खरं सांग.’

उत्तर मला माहीत होतं. कॉम्प्युटर मिळतंय, पोरगी खूश आहे, जाऊ दे तिला. एवढंच म्हणायचं होतं. पण चार महिने घरी बसलेल्या माणसाला आपलं कॉलेज थोर आहे हे कुणाच्यातरी तोंडून ऐकायची भूक लागलेली असते, आणि दुसरं कुणी म्हणत नव्हतं म्हणून मीच म्हणालो. ‘एक वर्षच तर आहे, दादा. नाव आयुष्यभर पुरतं.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीने नाही वाजवल्या. ती ट्रॉफीवरचं प्लास्टिक नखाने सोलत बसली होती.

घरी आल्यावर बायकोने चप्पल काढायच्या आधी विचारलं, ‘स्वतःची अब्रू राखायला लोकांच्या पोरीचं वर्ष कशाला घेतलंस?’ मी म्हटलं, हुशार आहे, होईल तिचं. अजून तीन दिवस होते. मी दोन मजले उतरून दादाला सांगू शकत होतो. पहिल्या दिवशी म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. तिसऱ्या दिवशी त्यांनी सीट सोडली.

ऑक्टोबरात एक दिवस अभ्यासिकेत माझ्या समोरची खुर्ची सरकली आणि दादाची पोरगी बसली. पुन्हा बसणाऱ्या पोरांचा तिचा क्लास घाटकोपरलाच होता, आणि आमच्या शेजारच्या प्लॉटवर नव्या टॉवरच्या पायाचं पायलिंग सुरू झाल्यामुळे घरी तिचं डोकं उठायचं. माझी वाटच लागली. ‘काका, सुट्टी?’ तिने विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशीही हो म्हटलं. चौथ्या दिवशी तिने विचारलंच नाही. दुपारी जिन्यात माझ्या शेजारी येऊन बसली, डबा उघडला आणि म्हणाली, ‘नोकरी गेली ना?’

मी मान हलवली.

‘कधी?’

‘एप्रिलमध्ये.’

तिने पोळीचा तुकडा मोडला. ‘म्हणजे तेव्हा नव्हतीच,’ ती म्हणाली.

‘नव्हती.’

तिने शिवी घातली असती, डबा फेकला असता, तर मला परवडलं असतं. तिने तो तुकडा भाजीला लावून खाल्ला. आणि मी, निर्लज्ज माणूस, त्यावर काय बोललो? ‘बाबांना सांगू नकोस हं.’ अठरा वर्षांच्या पोरीकडून मी वचन घेतलं. तिने दिलं.

त्यानंतर ती वही माझ्याकडे सरकवायला लागली. मला फिजिक्समधलं अर्धं आठवत नव्हतं. आम्ही दोघं डोकं खाजवत बसायचो आणि बहुतेक वेळा तिलाच आधी सुटायचं. ते दोन महिने माझे बरे गेले, हे कबूल करायची लाज वाटते. डिसेंबरनंतर तिचं बिनसलं. जुन्या मैत्रिणींचे कॉलेज फेस्टिव्हलचे फोटो यायचे, तिने फोनच घरी ठेवायला सुरुवात केली. टेस्टच्या दिवशी सकाळी पोट दुखायचं. एकेका पानावर तासभर बसायची. फेब्रुवारीत एकदा म्हणाली, ‘काका, मला आता सोपं पण येत नाही.’ मी म्हणालो, टेन्शन नको घेऊ. वा रे वा, काय पण सल्ला.

जूनमध्ये सगळे निकाल लागले. पवईच्या यादीच्या ती जवळपासही नव्हती. सीईटीही घसरली. आता मिळत होतं ते कर्जतच्या पुढचं एक कॉलेज, आणि कॉम्प्युटर तिथेही नव्हतं.

त्या संध्याकाळी दादा तिला घेऊन वर आला. बायको अजून शाळेतून यायची होती. दादा खुर्चीच्या कडेवर बसला, ती दाराशी उभी राहिली. ‘पवईला आता बसता येत नाही, दोनदाच देतात,’ दादा म्हणाला. ‘पण बाहेरच्या राज्यांत मोठी सरकारी कॉलेजं आहेत. त्यांची परीक्षा तिसऱ्यांदा देता येते. नाव आहे त्यांनाही. अजून एकदा बसवू का? तू सांग.’

या वेळी मी वेळ लावला नाही. ‘नको, दादा. कर्जत तर कर्जत, जाऊ दे तिला. मी चौदा महिने घरी बसलोय. नोकरी नाही मला. तुला गेल्या वर्षी सांगितलं तेव्हाही नव्हती. नावाने काही झालं नाही.’

दादाचे डोळे भरून आले. ‘तिला वाईट वाटू नये म्हणून स्वतःला कमी करतोस ना?’ तो म्हणाला. ‘मी रोज बघतो तुला बॅग घेऊन जाताना.’

‘शप्पथ सांगतो. तिला विचार, तिला माहीत आहे.’

दादाने मान वळवली. मीही तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती घाबरली होती. मी कुणीच नाही हे आता खरं ठरलं असतं, तर तिचं ते वर्ष कशापायी गेलं हे तिला बापाला सांगावं लागलं असतं, आणि त्याच्याआधी स्वतःला.

‘मला काही माहीत नाही, बाबा,’ ती म्हणाली. ‘काका ऑफिसला जातात.’

कामावरून काढल्याचं पत्र माझ्या लॅपटॉपमध्ये होतं आणि लॅपटॉप टीपॉयवर होता. मी हात पुढे केला नाही.

‘बघ, किती मोठं मन आहे,’ दादा तिला म्हणाला. ‘बसू या अजून एकदा. पाया पड काकांच्या.’

ती पुढे आली आणि वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.