सहावा माणूस

वॉचमननं गेट ओढून घेतलं. “चाचा, बोर्ड देखो. प्रोसेशन अलाउड नहीं.”

तिरडीवर माझी बायको होती. पुढं विस्तवाचं मडकं धरून माझा पोरगा, खांद्याला चार भाचे, मागं मी. माझ्यामागं सगळा पाडा.

मी दुसरी शिकलेला. विचारलं, “प्रोसेशन म्हंजे काय?”

आतून मॅनेजर आला. नाकाला रुमाल. हसला. “मिरवणूक, बाबा. मिरवणुकीला परमिशन लागते. पोलिसांचा कागद आणा.”

मिरवणूक. बायको मेलेली, आणि मी मिरवत होतो.

वळ गावच्या या गोडाऊनांमागं आमचा मसणवटा. गोडाऊनं नव्हती तेव्हापासूनचा. या गेटाच्या खांबांचे खड्डे मीच खणले, रोजावर. मातीची घमेली तिनं उचलली. आणि गेल्याच आठवड्यात जमीनमालकाच्या पोराची वरात इथूनच गेली. घोडा, डीजे, फटाके. हाच मॅनेजर पुढं नाचत होता. बोर्ड तेव्हाही होता.

मी ते बोललो. तो म्हणाला, “ते शेटच्या घरचं फंक्शन. बरं, चार माणसं सोडतो. चौघांचं प्रोसेशन होत नाही. बाकीचे हायवेनं फिरून या.”

एक भाचा हळूच म्हणाला, “मामा, जाऊ दे. चौघं नेतो आम्ही.” पोरानं मान खाली घातली.

खांद्याला चार. मडकं धरणारा पाचवा. मी सहावा. सगळा जन्म ती माझ्या मागून चालली. आज एकदाच मी तिच्या मागून चालणार होतो. तेवढंही जास्त झालं.

“टेकवा,” मी म्हणालो.

“मामा, इसावा पुढं हाय. चिंचेखाली.”

“आज हितं. टेकवा.”

विसाव्याच्या जागेशिवाय तिरडी भुईला लावत नाहीत आमच्यात. मी लावली. गेटाच्या तोंडाशी. तिच्या उशाशी बसलो. मागं ट्रक लागले, हॉर्न वाजायला लागले. मडक्यातला विस्तव विझायला आला, पोरगा फुंकत राहिला. मी तिच्या तोंडावरची माशी हाकलली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा गेट उघडलं. सगळ्यांना. मॅनेजर म्हणाला, “लवकर उरका.”

उरकलं नाही. सावकाश चाललो. तिची चालच तशी होती.

बोर्ड अजून हाय. पोराला सांगून ठेवलंय, मला याच गेटानं न्यायचं. कागद आणायचा नाही. हात जोडायचे नाहीत. अडवलं तर तिथंच टेकवायचं, आणि सगळ्या पाड्याला आत घेईपर्यंत उचलायचं नाही.